जडसंग्रह संगणकावर आणायचा आहे? सॉफ्टवेअरचे नंतर बघू, आधी बिलाचे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात सहायक कुलसचिव आहात. जडसंग्रहाच्या, म्हणजे फर्निचर-उपकरणांसारख्या टिकाऊ वस्तूंच्या, पडताळणीवर लेखापरीक्षणात दरवर्षी तोच आक्षेप येतो. म्हणून व्यवस्थापन परिषदेने सगळ्या मालमत्तेची नोंद डिजिटल करायचे ठरवले आणि काम तुमच्या गळ्यात पडले. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, क्यूआर कोड लावावा की आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचला जाणारा टॅग), चाळीस वर्षांच्या नोंदवह्या भरून घ्याव्यात का, आणि विभाग दाद देत नाहीत त्याचे काय करावे, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत. शेवटी उपकेंद्राचाही उल्लेख आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे विद्यापीठाच्या भांडार आणि वित्त विभागात गेली, नंतर इतर विद्यापीठांच्या अशाच कामांत सल्ल्यासाठी बसलो. तो अनुभव धरून तुमचे चार प्रश्न उलट्या क्रमाने घेतो, कारण सॉफ्टवेअर हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

विभाग दाद देत नाहीत म्हणजे ते आळशी आहेत, असे प्रशासकीय इमारतीत सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. विभागातली जडसंग्रहाची वही बहुतेकदा प्रयोगशाळा सहायकाच्या किंवा एखाद्या वरिष्ठ लिपिकाच्या ताब्यात असते. त्याने ती आधीच्या माणसाकडून वस्तू न मोजताच घेतलेली असते, आणि त्या आधीच्यानेही तसेच केलेले असते. समजा वहीत १९९४ सालची बारा सूक्ष्मदर्शके आहेत आणि कपाटात सातच दिसतात. आता तुम्ही त्याला सांगता, मोज, फोटो काढ, स्कॅन कर आणि सही कर. सही केली की पाच सूक्ष्मदर्शके त्याच्या नावावर चढली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला माणूस ना-देय प्रमाणपत्र डोळ्यांसमोर ठेवून जे करायचे तेच करतो. तुमच्या पत्राला उत्तरच देत नाही.

म्हणून पहिला कागद निविदेचा काढू नका, ठरावाचा काढा. व्यवस्थापन परिषदेकडून एक आधारदिनांक ठरवून घ्या, शक्यतो १ एप्रिल. त्या तारखेला जे प्रत्यक्ष आढळेल त्याची एक यादी आणि वहीत आहे पण आढळले नाही त्याची दुसरी. ठरावात स्पष्ट लिहा की दुसऱ्या यादीत वस्तू गेली एवढ्यावरून यादी करणाऱ्यावर जबाबदारी निश्चित होणार नाही. ती यादी वित्त व लेखा अधिकारी असलेल्या समितीपुढे जाईल. समिती जुन्या, मोडून गेलेल्या, निर्लेखन (नोंदीतून रीतसर कमी करणे) न करताच अडगळीत टाकलेल्या किरकोळ वस्तू एकीकडे काढेल, आणि अलीकडच्या किंवा महागड्या वस्तूंची वेगळी चौकशी लावेल. ही सरसकट माफी नव्हे, चोरी आणि अफरातफर यांचा मार्ग खुलाच राहतो. पण मोजणाऱ्याला मोजायची भीती उरत नाही. ठरावाचा मसुदा लेखापरीक्षकांना आधी दाखवा. नंतर दाखवला तर तोच एक नवा आक्षेप होतो.

आता बिल. विद्यापीठात वस्तू बिलाच्या दारातून येते आणि निर्लेखनाच्या दारातून जाते, आणि ही दोन दारे सांभाळली तर मधले बरेचसे आपोआप सांभाळले जाते. बिलाच्या पाठीमागे विभागाचा शिक्का असतो, ‘जडसंग्रह नोंदवही पान क्र. अमुक, अनुक्रमांक तमुक वर नोंद घेतली’, आणि खाली विभागप्रमुखांची सही. हा शिक्का तुमच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन आहे. त्यातला पान क्रमांक काढून तिथे प्रणालीने दिलेला मालमत्ता क्रमांक टाकायला लावा. तो नसेल तर लेखा विभागाने बिल स्वीकारायचेच नाही. एवढ्या एका बदलाने जे होते ते दहा परिपत्रकांनी आणि पाच प्रशिक्षणांनी होत नाही, कारण पैशासाठी रोज फोन करणारा पुरवठादारच विभागाच्या मागे लागतो. पहिला महिना आरडाओरड होते. ती मार्चमध्ये झाली तर तुमचा प्रकल्प तिथेच संपेल, म्हणून सुरुवात जून-जुलैत करा. अनुदान संपवायची घाई नसते आणि बिले थोडी असतात.

यावरूनच प्रकल्प कोणाकडे असावा हेही ठरते. ‘संगणकाचे काम’ म्हणून तो संगणक केंद्राकडे ढकलला जातो आणि तिथले संचालक बदलले की बंद पडतो. सर्व्हर संगणक केंद्राने सांभाळावा, पण मालकी वित्त व लेखा अधिकाऱ्यांची हवी. बिल अडवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचेच इथे लोक ऐकतात.

बिलाच्या टप्प्यावर दोन गोष्टी काटेकोर ठेवा. पहिली, ‘संगणक संच २०’ ही बिलातली एक ओळ प्रणालीत वीस नोंदी झाली पाहिजे, प्रत्येकीला कंपनीचा अनुक्रमांक. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी असेल तर माल स्वीकारल्याचे प्रमाणपत्र पोर्टलवर द्यावेच लागते, त्याच बैठकीत ही नोंद उरका. खोकी उघडून संगणक टेबलांवर गेले की अनुक्रमांक वाचायला पुन्हा कोणी वाकत नाही. मोठ्या उपकरणासोबत आलेला चिलर, यूपीएस, काँप्रेसर हे मूळ उपकरणाशी जोडलेल्या उपनोंदी म्हणून ठेवा, नाहीतर काही वर्षांनी यूपीएस कुठल्या यंत्राचा हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट निधीच्या स्रोताची, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण बहुतेक तयार प्रणालींमध्ये हा रकानाच नसतो किंवा शेरा म्हणून कुठेतरी कोपऱ्यात असतो. विद्यापीठातली महागडी उपकरणे विद्यापीठाच्या स्वनिधीतून क्वचितच येतात. ती येतात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजनांतून, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या अनुदानांतून, एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पातून. अशा अनुदानातून घेतलेली वस्तू देणाऱ्या संस्थेच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही किंवा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, ही अट मंजुरीपत्रातच असते. शिवाय केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १२-अ पाहा. मालमत्तेच्या नोंदवह्यांसह सर्व हिशेब नियमाप्रमाणे ठेवले आहेत, अशी ग्वाही त्यावर सही करणारा देतो. कुलसचिव आणि वित्त अधिकारी त्यावर दरवर्षी सह्या करतात. ज्या वहीची ग्वाही देतो ती प्रकल्पप्रमुखांच्या कपाटात आहे की नाही हे त्यांना माहीत नसते. तेव्हा स्रोत, मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख, प्रकल्प संपण्याची तारीख, आणि वस्तू संस्थेच्या मालकीची झाली का, हे चार रकाने सक्तीचे करा. प्राध्यापक निवृत्त झाले किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेले की त्यांच्या नावावरची यादी एका कळीवर निघाली पाहिजे. लॅपटॉप आणि बाह्य हार्ड डिस्क यांच्या बाबतीत तर विशेषच.

जुन्या नोंदवह्यांबद्दल माझे मत ठाम आहे: सगळ्या भरून घेऊ नका. हे काम बाहेरच्या एजन्सीला प्रति नोंद दराने दिले की ती आनंदाने भरून देते आणि तुमच्याकडे अस्तित्वात नसलेल्या वस्तूंचा सुबक डेटाबेस तयार होतो. उलट दिशेने जा. आधी खोल्या मोजा, मग आढळलेल्या वस्तूची नोंद वहीत शोधा. सापडली तर वहीचे पान आणि जुना क्रमांक एका रकान्यात घाला, नाही सापडली तर तसे लिहा. वह्या स्कॅन करून ठेवा आणि मूळ प्रती अभिलेख कक्षात जाऊ द्या.

किमतीचा प्रश्न येतोच. खरेदी किंमत सापडत नसेल तर अंदाज बांधू नका, नाममात्र १ रुपया धरा आणि ‘मूल्य अनुपलब्ध’ अशी खूण करा. यात नुकसान वाटते तेवढे नसते. केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी २०१५ पासून जे लेखानमुने आहेत त्यांत घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी मूळ किमतीच्या ठरावीक टक्क्याने धरतात: संगणकांवर २० टक्के, प्रयोगशाळा उपकरणांवर ८, फर्निचरवर साडेसात, ग्रंथांवर १०. म्हणजे संगणक पाच वर्षांत नाममात्र किमतीला येतो. २००९ च्या संगणकाचे बिल शोधत तीन लिपिक बसवण्यात अर्थ नाही. राज्य विद्यापीठांना त्यांची स्वतःची लेखासंहिता लागू असते, तिच्यातले दर वेगळे असतील तर ते धरा, हिशेबाची रीत तीच. ताळेबंदातली मालमत्तेची बेरीज आणि तुमच्या यादीची बेरीज पहिली काही वर्षे जुळणार नाही. तो फरक हिशेबाच्या टिपांमध्ये उघड लिहा. ओढूनताणून जुळवलेली बेरीज लेखापरीक्षकाला लगेच कळते.

दोन गोष्टी या कामातून वेगळ्या काढा. ग्रंथालयातली पुस्तके इथे आणू नका. त्यांची दाखल नोंदवही कोहा किंवा इन्फ्लिबनेटच्या सोल या ग्रंथालयांसाठीच्या प्रणालीत असते आणि पडताळणीचे निकषही निराळे आहेत. केंद्राच्या नियमांत वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची दरवर्षी पूर्ण पडताळणी, पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यापुढे नमुना पडताळणी अशी सोय आहे. शिवाय वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांपर्यंतची हानी, हलगर्जीपणा नसेल तर, स्वाभाविक मानली जाते. खुर्च्यांना अशी सूट नाही. दुसरे, ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्याच्या वस्तू. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे, पुण्यातल्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरांचे जुने निवासस्थान. अशा परिसरांत तैलचित्रे, घड्याळे, शिसवी टेबले असतात आणि त्यांची पुस्तकी किंमत शून्याला टेकलेली असते. केंद्राच्या नियमांत यांच्यासाठी नमुना २४ ही स्वतंत्र नोंदवही आहे. तुमच्या प्रणालीत यांचा वेगळा गट करा आणि निर्लेखनाचे बटण त्या गटापुरते बंदच ठेवा.

वस्तूंच्या नावांची यादी आधी पक्की करून मगच नोंदी सुरू करा. एका विभागात ‘लोखंडी कपाट’, दुसऱ्यात ‘स्टील अलमारी’, तिसऱ्यात नुसते ‘गोदरेज’ लिहिलेले असते आणि बेरीज मागितली की तीन वेगवेगळ्या वस्तू निघतात. नाव टंकायची मुभाच ठेवू नका, यादीतून निवडायला लावा. जुन्या एक्सेल फायली श्री-लिपीत किंवा तसल्याच बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतील तर रूपांतर करून एका माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्या प्रणालीत चढवू नका, जोडाक्षरे हमखास फुटतात. मालमत्ता क्रमांक मात्र अर्थहीन, सलग ठेवा. त्यात विभागाचे संक्षिप्त नाव, खोली, वर्ष कोंबायचा मोह सगळ्यांना होतो. वस्तू रसायनशास्त्रातून परीक्षा विभागात गेली की क्रमांक खोटा ठरतो. जागा आणि विभाग हे बदलणारे रकाने आहेत, त्यांना रकान्यांतच राहू द्या.

आणि सगळ्यालाच टॅग लावायचा नाही. दीक्षान्त समारंभाला साऱ्या परिसरातल्या खुर्च्या मंडपात जातात आणि परत येताना कुठली कुठे जाते ते कोणी पाहत नाही. वर्गातली बाके, खुर्च्या, पंखे, ट्यूबलाइट यांची खोलीवार संख्या पुरे. केंद्रीय नमुन्यांत २,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू किरकोळ मानून त्यांचा पूर्ण घसारा लगेच काढतात आणि मोजदाद मात्र चालू ठेवतात. तुम्ही तुमची मर्यादा ठरवून घ्या. भाड्याने आणलेली छायाप्रत यंत्रे आणि बँकेने भेट दिलेले पाण्याचे कूलर यांना ‘मालकी कोणाची’ हा रकाना लावा. पहिले मोजायचे पण मालमत्तेत धरायचे नाही, दुसरे दोन्हीकडे घ्यायचे.

क्यूआर की आरएफआयडी याचे उत्तर छोटे आहे. क्यूआर. आरएफआयडी ग्रंथालयात शोभते, कारण तिथे हजारो सारख्या कागदी वस्तू एका ओळीत उभ्या असतात. लांबून वाचता येणारे टॅग भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात आणि धातू किंवा द्रव जवळ आले की अडखळतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत धातू आणि द्रव यांशिवाय असते काय? धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण त्यांच्या किमतीत निविदा समितीच गारद होते. क्यूआर छापताना साधा कागदी स्टिकर टाळा, एका पावसाळ्यात तो पांढरा पडतो. पॉलिएस्टरचे लेबल आणि रेझिन रिबनचा थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर घ्या. भट्ट्या, ओव्हन, आम्लाच्या कपाटांजवळची यंत्रे यांना ॲल्युमिनियमची कोरलेली पट्टी रिव्हेटने बसवा. क्यूआरची दोषसुधारणा पातळी वरची ठेवा, सर्वांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कोडमध्ये फक्त क्रमांक असू द्या, आणि तोच क्रमांक खाली ठळक अंकांतही छापा. मोबाइल नसलेला शिपाईही तो वाचून सांगू शकतो.

सॉफ्टवेअरबद्दल. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेला, शिक्षण मंत्रालयाचा ‘समर्थ’ संच तुमच्याकडे प्रवेशासाठी किंवा आस्थापनेसाठी आधीच आला असेल तर त्यातला साठा-मालमत्तेचा भाग आधी तपासा. कर्मचाऱ्यांची यादी तिथे असतेच, ती दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. मुक्त स्रोतात मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे, त्यात खरेदीपासून घसाऱ्यापर्यंत साखळी मिळते. नुसती वस्तूंची ये-जा पाहायची असेल तर स्नाइप-आयटी हलके आहे, पण त्याची घडण संगणक सामग्रीभोवती झाली आहे. बाहेरच्या कंपनीकडून करून घेत असाल तर करारात तीन अटी घाला: सगळी माहिती केव्हाही खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल, प्रति वस्तू शुल्क नसेल, आणि कुठलीही नोंद पुसता येणार नाही, फक्त दुरुस्त होईल आणि आधीची दिसत राहील. लॉगइन पदनामाच्या ईमेलवर द्या. विभागप्रमुखपद फिरते असते आणि व्यक्तीच्या नावाचे खाते तिच्यासोबत जाते. कार्यभार देताना-घेताना प्रणालीतून निघालेली यादी दोघांनी सही करून ठेवावी. काही काळ छापील बांधणीही ठेवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता आहे, तरी ‘वही दाखवा’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा वही दाखवणे सोपे.

निर्लेखनाचे दार बहुतेक विद्यापीठांत गंजलेले असते. पाच-सात वर्षांतून एकदा समिती बसते, तोवर जिन्याखाली मॉनिटरांचा ढीग. हे दार उघडले नाही तर तुमची प्रणाली दोन वर्षांत मृत वस्तूंनी भरते आणि लोक तिच्यावर विश्वास ठेवणे सोडतात. वर्षाच्या दिनदर्शिकेत निर्लेखनाचे दोन ठरावीक महिने घाला. विभागाने प्रणालीत ‘निरुपयोगी’ अशी खूण केली की वस्तू आपोआप समितीच्या यादीत जावी. इलेक्ट्रॉनिक वस्तू नेहमीच्या भंगारवाल्याला देता येत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वर्षभरात कधीही हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपवायचा असतो. मध्यम आकाराचे विद्यापीठही ही संख्या सहज ओलांडते. लिलावाच्या अटींतच नोंदणी प्रमाणपत्र मागा. आणि परीक्षा विभागाच्या हार्ड डिस्क विकू नका, समितीसमोर नष्ट करून पंचनामा करा.

वार्षिक पडताळणी एका विभागाच्या माणसांनी दुसऱ्या विभागात जाऊन करावी. एकाच्या हातात स्कॅनर आणि दुसऱ्याच्या हातात खोल्यांच्या किल्ल्या, असे दोघे पुरतात. त्यातला एक तिथला जुना शिपाई किंवा परिचर असला तर काम निम्म्या वेळात होते, कुठले यंत्र कुठल्या मागच्या खोलीत गेले हे त्यालाच ठाऊक असते. कंत्राटी कर्मचाऱ्याला मदतीला घ्या, ताबा त्याच्या नावावर देऊ नका. कुलगुरूंना यातून काय मिळते असे विचारले गेले तर नॅक (मूल्यांकन परिषद), आयशे (केंद्राचे उच्च शिक्षण सर्वेक्षण) आणि लेखापरीक्षक यांना एकाच विभागाने कळवलेल्या संगणकांच्या तीन वेगवेगळ्या संख्या समोर ठेवा. संशोधन उपकरणे आय-स्टेम या संशोधन सुविधांच्या राष्ट्रीय पोर्टलवर टाकून बाहेरच्यांना शुल्काने वापरायला देता येतात, त्यासाठीही कुठे काय चालू स्थितीत आहे हे आधी माहीत असावे लागते.

उपकेंद्र मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. तिथल्या बऱ्याच वस्तूंची खरेदी मुख्य परिसराच्या बिलांतून झालेली असते, काही वस्तू ट्रकने नुसत्या पाठवलेल्या असतात आणि माल पाठवल्याच्या चलनाची प्रत कोणाकडेच नसते. पुढे उपकेंद्राचे विद्यापीठ झाले तर गुंता आणखी वाढतो. सोलापूरचे विद्यापीठ २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्रातून उभे राहिले. अशा प्रत्येक विभाजनात वस्तू एकीकडे आणि तिचे प्रमाणक (खरेदीचा लेखी पुरावा) दुसरीकडे राहू शकते. मुख्य परिसराची यादी स्थिरावली की ‘हस्तांतरित’ अशी खूण असलेल्या वस्तू वेगळ्या काढा, ती यादी घेऊन उपकेंद्राच्या समन्वयकांसह एकदाच मोजणी करा, आणि तिथेच त्यांच्याकडून ताबापावतीवर सही घ्या.